आजोबांचं नाव कोशात नाही, पण तुम्ही पाहिला कोणता कोश?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही ऐरोलीला राहता. आईचे वडील उरण तालुक्यातले. १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात ते होते आणि त्यांना तुरुंगवास झाला, असं घरात सगळे सांगत आले आहेत. घरी स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला ताम्रपट आहे, शाळेचा दाखला आहे आणि एक जुना फोटो आहे, ज्याच्या मागे मोडीत काहीतरी लिहिलेलं आहे. तुम्ही हुतात्म्यांचा पाच खंडांचा कोश पाहिलात, कोलकात्याचा चार खंडांचा राष्ट्रीय चरित्रकोश पाहिलात, दोन्हींत नाव नाही. मग तीन हजार शब्दांचं चरित्र लिहून एका नव्या बहुखंडी कोशाच्या संपादकांकडे पाठवलंत, आणि ते ‘संदर्भ अपुरे’ असा शेरा घेऊन परत आलं. शेवटी तुम्ही विचारलंय, की गावातल्या साध्या माणसाला अशा कोशात जागाच नसते का.

मी ठाण्यात राहतो. एका बहुखंडी चरित्रकोशाचं काम मी सव्वीस वर्षं केलं, आधी नोंदलेखक म्हणून, नंतर उपसंपादक म्हणून. तुमचं टिपण परत आलं तसा मजकूर मीही कितीतरी लोकांना परत पाठवलेला आहे, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्या दोन कोशांत शोधलंत त्यांत आजोबांचं नाव सापडण्याची शक्यता मुळातच फार कमी होती. पाच खंडांचा कोश भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचा, २०१९ मध्ये प्रकाशित झालेला. त्याचा तिसरा खंड महाराष्ट्र, गुजरात आणि सिंधचा. पण त्यात घेतलेत ते हुतात्मे: लढ्यात मारले गेलेले, कोठडीत किंवा तुरुंगात मरण पावलेले, फाशी गेलेले. तुमचे आजोबा आणीबाणीच्या काळात घरी वारले. त्यांचं नाव त्यात नसणं हे त्या कोशाच्या व्याख्येला धरूनच आहे. कोलकात्याच्या कोशाचं वेगळं. सिबपद सेन यांनी संपादित केलेले ते चार खंड १९७२ ते १९७४ या काळात निघाले, आणि त्यांचा आवाका १८०० ते १९४७. अख्खा हिंदुस्थान, जवळजवळ दीडशे वर्षं, आणि जागा चार खंडांची. त्यात जिल्हा पातळीवरचे पुढारीसुद्धा मोजकेच येणार. सत्याग्रहातला एक शेतकरी तिथे आला नाही यात त्या शेतकऱ्याचा कमीपणा नाही, खंड किती आणि माणसं किती याचा तो हिशेब आहे.

प्रत्येक कोशाच्या पहिल्या खंडाला प्रस्तावना असते. नव्वद टक्के लोक ती उघडत नाहीत आणि थेट आडनावावर जातात. कोणाला घेतलं, कोणाला नाही, कोणत्या सालापर्यंत, हयात माणसं घेतली का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या भारतवर्षीय चरित्रकोशाचे तीन भाग आहेत, प्राचीन १९३२, मध्ययुगीन १९३७ आणि अर्वाचीन १९४६. ही विभागणी काळाची आहे. साप्ताहिक विवेकचा शिल्पकार चरित्रकोश क्षेत्रवार आहे, म्हणजे साहित्याचा खंड वेगळा, दृश्यकलेचा वेगळा. एका कोशात माणूस आडनावाने सापडतो, दुसऱ्यात त्याचं क्षेत्र ठरवल्याशिवाय सापडत नाही. तुम्ही ज्या नव्या कोशाकडे मजकूर पाठवलात त्याची प्रस्तावना किंवा नियमावली मागवून वाचा. त्यांनी खंड अकारविल्हे, म्हणजे आडनावाच्या अक्षरक्रमाने, काढले असतील आणि आजोबांच्या आडनावाचा खंड छापून गेला असेल, तर आता सगळी आशा पुरवणी खंडावर. हे मला इथून सांगता येणार नाही, ते त्यांनाच विचारावं लागेल.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. तुम्हाला वाटतंय अडचण ‘नाव घालून घेण्याची’ आहे. तुमचं पत्र वाचून मला ती वेगळीच वाटली. तुम्ही सहज लिहून गेलात, की ताम्रपटावर आडनाव ‘पाटील’ आहे आणि शाळेच्या दाखल्यावर ‘ठाकूर’. संपादकांचा शेरा बहुधा याच ओळीवर आलेला असणार. ताम्रपटावरचा पाटील आणि शाळेतला ठाकूर हा एकच माणूस आहे, हे तुम्हाला आईकडून माहीत आहे. कागदावरून ते अजून कोणालाच माहीत नाही.

आपल्या भागात हे फार होतं. पाटीलकी घरात असली की आडनाव पाटील लागतं, भाऊबंद जुनंच आडनाव चालवतात. मास्तरांनी शाळेत एक लिहिलं, तलाठ्याने दुसरं. कित्येकांच्या नावापुढे जमातच आडनाव म्हणून लागली. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबारात जे आठ जण गेले, त्यांत नवश्या महादेव कातकरी आहेत, रामा बामा कोळी आहेत. त्या काळच्या इंग्रजी कागदांत तर आणखी गोंधळ, म्हात्रेचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं आणि पाटीलचं पटेल झालेलं. म्हणून जुन्या यादीत शोधताना एकाच आडनावावर थांबू नका. आधी गाव शोधा, मग पहिलं नाव, मग वडिलांचं नाव, आडनाव सर्वांत शेवटी.

कोशात सर्वांत जास्त चुका कशाच्या होतात असं मला कोणी विचारलं, तर मी तारखांचं नाव घेणार नाही. दोन माणसांचा एक माणूस होतो, ही सर्वांत मोठी चूक. माझ्याच हातून झालेली सांगतो. एकाच गावातले, एकाच नावाचे आणि वडिलांचंही नाव एकच असलेले दोन गृहस्थ होते. एक शिक्षक, एक कीर्तनकार. मी नाव, वडिलांचं नाव आणि गाव जुळवलं, तिन्ही जुळलं, आणि ‘शिक्षक व कीर्तनकार’ अशी एक नोंद करून टाकली. खंड छापून आल्यावर कीर्तनकारांच्या मुलीचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, की माझे वडील शाळेत शिकवत नव्हते, त्यांना लिहिता येत नव्हतं, सगळे अभंग त्यांना तोंडपाठ होते. पुढच्या खंडाच्या शुद्धिपत्रात आम्ही ती नोंद फोडून दोन केल्या. पण पहिला खंड ज्या ग्रंथालयांत गेला, तिथे ते गृहस्थ आजही शिक्षक आहेत.

हे का होतं ते आपल्या रीतीतच आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. लक्ष्मणाचा धर्मा, धर्माचा लक्ष्मण, त्या लक्ष्मणाचा पुन्हा धर्मा. म्हणजे ‘धर्मा लक्ष्मण’ एकाच घरात दोन पिढ्यांच्या अंतराने दोनदा येतो, आणि चुलत घरातही एखादा असतो, कारण आजोबा सगळ्यांचे एकच. त्या पत्रानंतर मी नियम केला: नाव, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तरी चौथी खूण मिळेपर्यंत टिपणांची दोन कार्डं एकत्र बांधायची नाहीत. चौथी खूण म्हणजे बायकोचं नाव, भावाचं नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर, व्यवसाय, काहीही चालेल, पण ती दोन्ही कागदांवर हवी.

तुमच्या बाबतीत ती खूण कुठे मिळेल? इथे उरण-पनवेल-ठाणे पट्ट्यातल्या लोकांना एक गोष्ट अनुकूल आहे. सिडकोसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरी कागद सापडतात, कारण गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी सगळ्यांना वारस दाखले, जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, गोळा करावे लागले. मामांना किंवा मावसभावांना विचारा, आजोळच्या जमिनीची फाईल कोणाकडे आहे. भूसंपादनाच्या निवाड्यात खातेदारांची नावं असतात, आणि तिथे ‘अमुक ऊर्फ तमुक’ असं लिहिलेलं पुष्कळदा आढळतं. ‘पाटील ऊर्फ ठाकूर’ एवढे तीन शब्द एका सरकारी कागदावर मिळाले, तर तुमचं निम्मं काम झालं. जमीन संपादनात गेली नसेल तर फेरफार उतारे आहेतच.

दुसरा धागा ताम्रपटाचा. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, ताम्रपट दिले गेले आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून केंद्राचं निवृत्तिवेतन सुरू झालं. निवृत्तिवेतनासाठी साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट होती, आणि पुरावा म्हणून तुरुंगाचा दाखला किंवा तो नसेल तर सहबंद्यांचं, म्हणजे सोबत तुरुंगात असलेल्यांचं, प्रमाणपत्र लागे. आजोबांनी अर्ज केला असेल तर त्या प्रकरणात त्यांनी स्वतः सांगितलेली हकिगत असेल, वय असेल, सही किंवा अंगठा असेल. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून त्या प्रकरणाची नक्कल मागा. एक लक्षात ठेवा, उरणचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचं. अभिलेखागारात ‘रायगड’ म्हणून १९३० चं काही मागितलंत तर कारकून नाही म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. मुंबईला फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखातही कुलाबा याच नावाने शोधा. सत्याग्रहाच्या आठवड्यांतली वर्तमानपत्रंही चाळा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, वि. ल. भावे यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं. ऐरोलीहून ते फार लांब नाही. तिथे सुरुवात करायला हरकत नाही.

तारखांचं आता. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९०८ आहे, आणि आई सांगतात की सत्याग्रहाच्या वेळी आजोबा सोळा वर्षांचे होते. हिशेब केला तर ते बावीस वर्षांचे निघतात. तुम्ही तीन हजार शब्दांत दोन्ही लिहिलंय, एक पहिल्या पानावर, दुसरं चौथ्या. संपादकाला ते दिसलंच असणार. १ जून ही तारीख पाहिली की मी ती जन्मतारीख धरत नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या मुलाची तारीख घरच्यांना सांगता आली नाही की मास्तर १ जून लिहीत, हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. तहसीलला जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती मागा. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा माणूस सोबत न्यावा लागेल. तिथेही नाही मिळालं, तर ‘जन्म १९०८ च्या सुमारास’ असं लिहा. ‘सुमारास’ हा शब्द लिहायला लोक लाजतात. मला तो नेमक्या पण निराधार तारखेपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. आईंना वय कसं आठवतं तेही विचारा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत १९१८ मध्ये आजोबा केवढे होते? ‘कडेवर होते’ म्हणाल्या तर वेगळा हिशेब, ‘गुरं राखत होते’ म्हणाल्या तर वेगळा.

मृत्यूची तिथी तुम्ही दिलीत, भाद्रपद वद्य त्रयोदशी, ‘आणीबाणीतलं साल’. आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७. त्यात भाद्रपद दोन आले, शके १८९७ चा आणि १८९८ चा. कोणता ते घरच्या आठवणीवरून ठरणार नाही, पण वारसाचा फेरफार ठरवू शकतो. तो फेरफार समजा १९७६ च्या मार्चमध्ये मंजूर झालेला असेल, तर मृत्यू १९७५ च्या भाद्रपदातलाच. साल पक्कं झालं की त्या वर्षीच्या पंचांगातून इंग्रजी तारीख निघते.

शकाचं इसवी सन करताना एक चूक हमखास होते, ती सांगून ठेवतो, कारण फोटोमागे शक लिहिलेला निघाला तर उपयोगी पडेल. लोक सरसकट ७८ मिळवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर. जानेवारी लागल्यावर, म्हणजे साधारण पौषाच्या मधल्या दिवसांपासून फाल्गुनअखेरपर्यंत, ७९ मिळवायचे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन तिथी वर्षानुवर्षं चर्चेत होत्या. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, तिथे ७८ मिळवून १६२७ येतात. आणि जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार टिपणातली, शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, तिथे ७९ मिळवावे लागतात, तेव्हा १६३० येतात आणि १९ फेब्रुवारी ही तारीख जमते. तिथेही कोणी ७८ मिळवले तर एक अख्खं वर्ष हातचं जातं.

आता लिहायचं कसं. तुमचं तीन हजार शब्दांचं चरित्र मी प्रेमाने वाचलं. ते ठेवा, घरच्यांसाठी छापून घ्या, नातवंडांना द्या. कोशाला ते चालणार नाही, आणि त्याचं कारण फक्त लांबी हे नाही. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांनी तन-मन-धनाने देशसेवा केली आणि हालअपेष्टा सोसल्या.’ हे वाक्य हजार माणसांबद्दल खरं असू शकतं, त्यामुळे ते कोणाबद्दलच काही सांगत नाही. त्याच पानावर खाली तुम्ही लिहिलंय, की सुटून आल्यावर त्यांची गुरं विकली गेलेली होती आणि दोन वर्षं ते मिठागरावर मजुरीला जात होते. ताई, नोंद ही आहे! हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाबद्दल लिहिता येणार नाही. नोंदीत प्रत्येक वाक्याला विचारायचं, की हे कोणत्या कागदावर आहे किंवा कोणी सांगितलं. कागदावर असेल तर सरळ विधान करा. घरच्या आठवणीत असेल तर ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार’ असं म्हणून करा. दोन्ही नसेल तर कितीही सुंदर असलं तरी काढा. दीडशे शब्द उरले तरी चालतील. दीडशे शब्दांची पक्की नोंद संपादक आनंदाने घेतो, कारण त्याला ती तपासता येते.

एक गोष्ट तुमच्या मजकुरात नव्हती आणि मला ती फार हवीशी वाटली. आजोबा तुरुंगात असताना घर कोणी चालवलं? आजीचं नाव सबंध लेखात एकदाही आलेलं नाही, ‘पत्नी’ एवढंच आहे. तिचं सासरचं नाव, माहेरचं नाव आणि माहेरचं गाव तिन्ही मिळवा. जुन्या कोशांत बायका कमी आहेत याचं एक कारण हेच, की लग्नात नाव बदललं आणि कागदाचा धागा तुटला. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई झाली, आणि तिचं माहेर-सासर दोन्ही जोशीच असल्यामुळे निदान आडनाव तरी टिकलं. बाकीच्यांचं तेही नाही. आजीचं माहेरचं नाव मिळालं तर मी वर म्हटलेली चौथी खूणही कदाचित त्यातूनच निघेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला टाळायचं नाही. साध्या माणसांना राष्ट्रीय कोशात जागा कमी असते, हे खरं आहे. इंग्रजांचा राष्ट्रीय चरित्रकोश लेस्ली स्टीफन यांनी सुरू केला, १८८५ ते १९०० या काळात त्रेसष्ट खंड निघाले, तरी तिथेही तेच झालं. पण त्यांनी दोन गोष्टी चांगल्या केल्या. पुढच्या खंडांत कोण येणार त्यांच्या नावांच्या याद्या ते वेळोवेळी नियतकालिकात छापत आणि लोकांकडून सूचना मागवत. आणि १९०४ मध्ये त्यांनी नुसत्या चुकांचा एक वेगळा खंड काढला. म्हणजे छापलेला कोशसुद्धा दुरुस्त होतो, आणि तो वाचणाऱ्यांच्या पत्रांमुळे होतो. माझं मत विचाराल तर आजोबांची स्वतंत्र नोंद राष्ट्रीय कोशापेक्षा जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्वातंत्र्यसैनिक कोशात आधी व्हावी. राष्ट्रीय कोशाच्या संपादकांना तुम्ही वेगळी विनंती करू शकता, की चिरनेरच्या सत्याग्रहाचा उल्लेख जिथे येतो तिथे शिक्षा झालेल्यांची नावंही द्यावीत. अशी विनंती मी संपादक असताना आली असती तर मी ती बैठकीत मांडली असती.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी पाटील आणि ठाकूर एक करा, मग साल पक्कं करा, मग लिहा. यात सहा महिने जातील, कदाचित वर्ष. सरकारी नक्कल कधी आठ दिवसांत मिळते, कधी चार खेपा घालाव्या लागतात.

आणि या सगळ्याच्या आधी तो फोटो. मागचा मजकूर मोडी जाणणाऱ्याला दाखवा, पण त्याआधी दोन्ही बाजूंचे उजेडात नीट फोटो काढून ठेवा, कारण जुनी शाई हाताळून पुसट होते. तुम्ही म्हणता फोटोत चौघे आहेत आणि घरात एकट्या आजोबांनाच सगळे ओळखतात. मागे चार नावं असतील तर बाकीच्या तिघांच्या घरीही कोणीतरी असाच फोटो घेऊन बसलं असेल. त्यांच्यातल्या कोणाकडे आजोबांचं सहबंदी म्हणून दिलेलं प्रमाणपत्र असू शकतं. नावं वाचून झाली की मला कळवा. जुन्या टिपणांची माझी खोकी अजून घरी आहेत, त्यांत उरणची कार्डं वेगळी बांधलेली आहेत. मी पाहतो.